फीत

नगरपालिकेत शिपाई असलेल्या माणसाच्या घरी
काय काय येतं, लोक बोलतात.
आमच्या घरी फिती आल्या.

कात्री चाले, टाळ्या होत, फोटो निघे,
मंडळी चहाकडे वळत
आणि हे वाकून दोन्ही तुकडे उचलत.
संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर ओट्यावर ठेवत.
"घे. जिंतूर आज अजून थोडं सुधारलं."

चिंध्या हबीब मास्तरांच्या दुकानातल्या,
ब्लाउज शिवून उरलेल्या, पोत्यात कोंबलेल्या.
खणाचा तिकोना, जरीचा निमुळता शेंडा,
कुणाच्या तरी मॅक्सीची बाही,
हिमरूची एक पट्टी, कुठून आली ती त्यांनाही ठाऊक नाही.

वाकळ सगळ्याच बाया शिवतात इकडं,
चौकोनाला चौकोन, कडेकडेनं आत येणारा धावदोरा.
मला तसं बसून जमेना.
मी मधोमध एक पाचकोनी तुकडा मांडला
आणि त्याच्या ज्या बाजूला जी चिंधी रुसून बसली
तिथंच तिला शिवली.
वर शिवणीवर माशाच्या काट्याचा टाका,
भांडण मिटल्यासारखा दिसावा म्हणून.
जाऊबाई म्हणाल्या, ही कसली वेड्यागत वाकळ,
हिला डोकं कुठं अन् पाय कुठं?
म्हणलं, पांघरणाऱ्याला असले म्हणजे झालं.

गुलाबाला दोऱ्याच्या पाच आऱ्या लागतात.
सम आकडा घेतला की वीण बसत नाही.
मग फीत एकीखालून, एकीवरून, सैल.
ओढली की मेली.
टोक मेणबत्तीला नुसतं दाखवायचं,
नाहीतर धागा न् धागा सुटतो.
खरं रेशीम केस जळल्यागत वास देतं;
अठ्ठावीस वर्षांत तो वास दोनदा आला.
बाकी सगळ्या, बिलावर रेशीम लिहिलेल्या,
थेंबासारख्या आकसल्या.
हे हसले. "ऑडिट तू करतीस व्हय."

टाकीची निळी होती, तिच्या गोकर्णी केल्या.
पाणी आठव्या दिवशी येतं,
गोकर्ण रोज.
वाचनालयाच्या पिवळीतून बाभूळ, गाठीच्या टाक्यानं,
बोटं दुखेस्तोवर.
स्मशानातल्या शेडचीसुद्धा कापली होती, लाल.
ती वर्षभर डब्यात तशीच.
मग एका दुपारी तिचं डाळिंब झालं,
मी ठरवलं नव्हतं.

एकच फीत अख्खी आली.
बाळंतिणींच्या नव्या वॉर्डाची, गुलाबी,
व्हरांड्यात खांबापासून खांबापर्यंत बांधलेली.
आदल्या संध्याकाळी आचारसंहिता लागली.
मांडव गेला, खुर्च्या गेल्या,
फीत कुणी सोडायची ते कागदावर नव्हतं.
यांना ड्यूटी, रोज जाऊन बघायचं, आहे का.
एका टोकाला शेळीनं चघळली.

नवव्या रात्री चारठाण्याकडची एक बाई
टेम्पोतून आली, दात आवळून.
जुन्या खोलीत खाट नव्हती.
सिस्टरनं नव्याचं कुलूप काढलं,
फितीला हात लावायला कुणी धजेना.
मग बाईच वाकली.
तेवढ्या पोटानिशी, एक हात यांच्या खांद्यावर,
फितीखालून आत गेली.
पहाटे तीनला मुलगी.
टाळ्या नाहीत. चहा आला, तोही उधार.

ती फीत माझ्यानं कापवत नाही.
या कामाला तुकडा लागतो वीतभर,
लांब घेतली की कापडातून जाता-येता झिजते.
ही साडेनऊ हात.
म्हणून तिला फूल केलंच नाही,
वाकळीच्या कडेनं फिरवली.
तीन बाजूंना पुरली,
चौथीला साधा धावदोरा.

हबीब मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं.
म्हणाले, वहिनी, ते चघळलेलं टोक तेवढं आत दुमडा.
म्हणलं, असू द्या.
पांघरणाऱ्याला कळायला पाहिजे
कुठनं आत शिरायचं.